खुर्चीपाशी हरवलेला बेस

"भाऊ, हा डबा परत न्या," वैशालीवहिनी म्हणाल्या. "तात्यांना कायबी ऐकू येत न्हाय."

होम थिएटर बसवणं हा माझा धंदा. दुकान बारामतीत. सणसरला त्यांच्या घरच्या हॉलमध्ये मी आठवड्यात तिसऱ्यांदा आलो होतो. इंदापूरचा एक ग्राहक सारखा फोन करत होता. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

सिस्टिम वहिनींनी सासऱ्यांसाठी घेतली होती. साखर कारखान्यात मिलच्या धडधडाटात तात्यांची नोकरी झाली. बारीक आवाज कानातून गेले, जाड आवाज मात्र अजून लागायचे. पूर्वी ते भजनात पखवाज वाजवायचे. त्याचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर होतं. त्यांना तेवढंच ऐकायचं होतं.

जाड आवाज म्हणजे बेस. त्यासाठी भरपूर हवा ढकलावी लागते. छोट्या स्पीकरला ते झेपत नाही, म्हणून सबवूफर. हवा ढकलणारा मोठा कोन, आणि पेटीतच स्वतःचा ॲम्प्लिफायर. त्याची पिन वेगळी लावायची. रिसीव्हर, म्हणजे सिस्टिमचं मुख्य यंत्र, फक्त खालचे सूर त्याच्याकडे पाठवतो.

मी व्हॉल्यूम वाढवला. शोकेसच्या काचा थडथडल्या. तात्या खुर्चीत तसेच.

"डावा हात कुठाय?" त्यांनी विचारलं. पखवाजाचा घुमारा डाव्या हाताचा.

मी वहिनींकडे वळून हळूच म्हणालो, "मशीन चांगलं आहे. त्यांच्या कानांचंच असेल."

तात्यांनी माझे ओठ वाचले. "म्हंजी हे बी गेलं म्हणा की," म्हणाले आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मला कधी एकदा निघतो असं झालं होतं. वायर काढायला वाकलो, कंबर धरली, म्हणून त्यांच्याच खुर्चीत टेकलो. पखवाज चालूच होता. आणि बेस गायब! उठून भिंतीशी गेलो, तर छातीवर दणका. परत बसलो, तर काही नाही.

बेसची लाट खोलीएवढी लांब असते. भिंतीवर आपटून ती माघारी येते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या लाटा काही जागी एकमेकींना मारून टाकतात. तिथं आवाज कितीही वाढवा, उपयोग नाही.

बाहेर जाऊन तात्यांसमोर उभा राहिलो. "तात्या, कान चांगले हायत तुमचे. चूक माझी हाय."

खुर्ची सरकवायला जागा नव्हती, मागं दार. मग आमच्या धंद्यातला जुना उपाय केला. सबवूफरच खुर्चीत ठेवला आणि बेस कुठं भरतो ते शोधायला गुडघ्यांवर रांगायला लागलो. जिथं तो भरतो तिथं सबवूफर ठेवला, की तोच बेस खुर्चीत ऐकू येतो. तात्याही भिंतीला हात लावत फिरले. वहिनींच्या शिलाई मशीनपाशी थांबले.

"हितं!"

मी कान लावला. बरोबर होतं. वहिनींनी मशीन ओढून बाजूला घेतलं. सबवूफर तिथं गेला, तात्या खुर्चीत बसले. मी व्हॉल्यूम निम्म्यावर आणला.

तात्यांचा डावा पंजा मांडीवर पडायला लागला. मग एकदम थांबला.

"काय झालं तात्या?" वहिनी घाबरल्या.

"रेकॉर्डिंगमदी हितं मी ताल चुकलोय," तात्या म्हणाले. "इतकी वर्सं कुणी बोललं न्हाय मला!"

इंदापूरला उशिरा पोचलो, बोलणी खाल्ली. तेव्हापासून ग्राहकाच्या कानाला दोष देण्याआधी मी त्याच्या जागेवर बसून बघतो. दोन मिनिटं लागतात.