अक्कांचं काचेचं तोरण

बांगडी फुटली की लोहाऱ्यातल्या बायका चुकचुकायच्या आणि आमच्या अक्कांचे डोळे चमकायचे. फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हे लहान पोरीलाही ठाऊक. पण अक्कांना असल्या गोष्टींना सवड कुठली! ‘कंच्या रंगाची व्हती?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. एखादी बाई मनगटाला रक्त आलं म्हणून कुरकुरत असायची आणि या तिच्या पायाशी उकिडव्या बसून तुकडे वेचत असायच्या. सगळे तुकडे ओच्यात गेले की मग उठून हळदीची चिमूट आणायच्या आणि जखमेवर दाबायच्या. त्या बाईचा राग तोवर निम्मा उतरलेला असायचा.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं, म्हणून सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास मी लग्न होऊन त्या घरात आले. भुसारमालाचं दुकान पुढे, घर मागे, मध्ये गाय बांधायचा चौक. पहिल्याच दुपारी अक्कांनी मला कोठीच्या खोलीत नेलं. मला वाटलं, पिठाचे-डाळीचे डबे दाखवतील. त्यांनी फळीवरचे चहाचे रिकामे डबे काढले आणि एकेक सुपात ओतला. हिरवी काच, अंजिरी काच, मोरपंखी, लाल, पिवळी. सूप त्यांनी कवडशात धरलं तेव्हा समोरच्या भिंतीवर नुसते रंग नाचायला लागले. ‘बघ यव्वा,’ त्या म्हणाल्या, ‘ह्याला काय खर्च हाय का? पर जीव कसा गार व्हतो!’ नव्या घरात मला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

दिवेलागणीनंतर, पुरुष जेवायला येईपर्यंतचा वेळ अक्कांचा स्वतःचा होता. चूल शांत झालेली, भाकरी दुरडीत झाकलेली. अक्का चिमणी पेटवायच्या, चिमट्यात एक तुकडा धरायच्या आणि ज्योतीवर फिरवायच्या. काच लालबुंद होऊन वाकायला लागली की दोन्ही टोकं जुळवून कडी करायच्या. पुढचा तुकडा त्या कडीत ओवायचा, तो वाकवायचा. अशा साखळ्या. दोरा नाही, तार नाही, काचेत काच. मी एकदा करून पाहिलं आणि बोट भाजून घेतलं. ‘घाई केलीस,’ अक्का म्हणाल्या. ‘काचंला बोलवायचं नसतं. ती आपणहून वाकते, तवर बसायचं.’

प्रत्येक तुकड्याची त्यांना ओळख होती. हा पाटलांच्या सुनेचा, धुण्यावर गेला. हा कासारानंच भरताना मोडला आणि वर दुसरी बांगडी फुकट दिली. हा माझा, मांजरामागं धावताना. लढाईच्या दिवसांत बांगड्या महागल्या, बायका जपून वापरू लागल्या, तेव्हा अक्का बाजारच्या दिवशी कासाराच्या पालाशी जाऊन त्याच्या पाट्या झाडायला मदत करायच्या. तेवढ्यासाठी घरी बोलणीही खायच्या. पण त्यांचं तोरण वाढत होतं. ते दुकानाच्या दारावर लावायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचं, एवढी एकच हौस त्या बाईनं धरली होती. दागिना मागितला नाही की तीर्थयात्रा मागितली नाही.

आता आमच्या मामंजींबद्दल सांगायला हवं, कारण दुकान त्यांचं आणि दारही त्यांचं. सासरे उंचेपुरे, कपाळाला भस्माचे पट्टे, आवाज असा की चौकातली कबुतरं उडावीत. सुनांनी सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यातर्फे जायचे. त्या वारल्यावर मामंजींनी आपली सोय करून घेतली. ते गाईशी बोलायचे. ‘काय गं कपिले, आज आमटीत मीठ टाकायला कुनी इसरलं का?’ की अक्कांनी दाराआडून मला म्हणायचं, ‘धाकटे, काल दुकानातून मीठ आलंच न्हाय, ते कुनाला ठावं नसंल.’ मग चौकात मोठ्यानं खाकरणं ऐकू यायचं आणि थोड्या वेळानं मिठाचा पुडा उंबऱ्यावर. मला तर पुष्कळदा वाटायचं, गाय नसती तर आमचं घर चाललंच नसतं.

तोरणाची गोष्टही तशीच निघाली. अक्कांनी धीर करून एका दसऱ्याला मला मोठ्यानं सांगितलं की तोरण दाराच्या मापाचं झालंय. मामंजी गाईला वैरण घालत होते. ‘कपिले,’ ते म्हणाले, ‘दुकानाला काचंचं तोरन लावल्यावर गिऱ्हाईक डोस्कं फोडून घेईल का न्हाय? आन रॉकेल किती जळतं, ते येगळंच.’ अक्कांचं तोंड उतरलं. तोरण त्यांनी दुरडीत घालून कोठीत ठेवून दिलं. मात्र नंतर माझ्या ध्यानात आलेली एक गोष्ट सांगते. लढाईच्या त्या टंचाईत गावात रॉकेलसाठी भांडणं व्हायची, लोक करडीच्या तेलावर दिवे लावायचे, पण अक्कांची चिमणी कधी कोरडी पडली नाही. रॉकेलची बाटली भरायचं काम मामंजी कुणालाच करू देत नसत. आम्हाला वाटायचं, नासाडी होऊ नये म्हणून.

मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या, शेवटच्या उन्हाळ्यात गावं ओस पडायला लागली. आज इकडे जाळपोळ झाली, उद्या तिकडे, अशा बातम्या रोज. हद्दीपलीकडे सोलापूरला जायचं ठरलं. तांब्याची भांडी आणि जवारी पेवात घालायची, तोंडावर फरशी टाकून माती लिंपायची आणि निघायचं. आमच्या भागात धान्य असं जमिनीखाली पेवात ठेवतात आणि आपलं पेव कुठं आहे, त्यात काय आहे, हे चारचौघांत कधी बोलत नाहीत. आदल्या संध्याकाळी अक्कांनी तोरणाची दुरडी स्वतः गाडीत अंथरुणांच्या मध्ये ठेवली. सकाळी बघतात तर अंथरुणं तशीच आणि दुरडी रिकामी.

गाड्या जुंपलेल्या, गाडीवान उभे, शेजारपाजारचे निरोप द्यायला आलेले. अक्कांनी मला म्हटलं, ‘धाकटे, इच्यार, माझं तोरन कुनी काढलं?’ मामंजी गाईचं दावं गाडीला बांधत होते. पाठ न वळवता म्हणाले, ‘कपिले, जीव वाचवायला निघालेल्या मानसानं काचा नेत नसत्यात.’ आणि गाडीवर चढून बसले. अक्का वाटभर रिकामी दुरडी मांडीवर घेऊन बसल्या. जळकोटाला एका ओळखीच्या घरी गाय ठेवावी लागली, पुढे वैरण-पाण्याची शाश्वती नव्हती. तिच्या पाठीवर हात फिरवताना मामंजींचे डोळे भरले. त्या दिवसापासून त्यांना घरातल्या बायांशी बोलायला मधलं कुणी उरलं नाही, हे त्यावेळी कुणाच्या मनातही आलं नाही.

सोलापुरात पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये लुगड्यांचे पडदे करून राहायचं. पलीकडे कुणाचं मूल रडलं तरी आपल्या मांडीवर असल्यासारखं ऐकू यायचं. अक्का स्वयंपाक करायच्या, मामंजींचं ताट पडद्याखालून सरकवायच्या. पूर्वी ताटासोबत मला उद्देशून काहीतरी असायचंच, ‘धाकटे, आज वांगं तिखट झालंय, कुनाला सोसलं न्हाय तर ताक हाय म्हन.’ आता नुसतं ताट. मामंजी काही वेळ पडद्याकडे बघत बसायचे, एकदोनदा खाकरायचे आणि जेवायला लागायचे. मी अक्कांना म्हटलं, ‘म्हातारं माणूस आहे, सोडून द्या.’ त्या म्हणाल्या, ‘फेकून दिलं त्यानी. उकिरड्यावर टाकलं असंल. सगळ्या गावच्या बायांच्या हातांचं व्हतं गं ते.’

पावसाळ्यात मामंजींना तापानं धरलं. दोन्ही लेक उशापायथ्याशी, आम्ही पडद्याआड. एका दुपारी ग्लानीतून जागे होऊन ते थोरल्या लेकाला म्हणाले, ‘थोरलीला सांग, जवारी उपसताना हळू.’ भावजी म्हणाले, ‘व्हय आप्पा, आमी बघतो.’ ‘तुमी न्हाय. थोरलीला सांग.’ शेजारच्या पडद्यांमागे माणसं होती. मामंजींनी आजूबाजूला पाहिलं आणि पुन्हा तेच म्हणाले, ‘हळू म्हनावं. हातानं.’ पेव उपसायचं काम बायकांचं नव्हे. आम्हाला वाटलं, तापात बरळताहेत. अक्कांनी तोंड फिरवलं आणि माझ्याजवळ पुटपुटल्या, ‘मरताना बी जवारीच!’ तो आवाज पडद्यापलीकडे गेला की नाही, मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मामंजी गेले. आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिथल्याच मातीत त्यांना ठेवलं.

हिंदुस्थानच्या फौजा आल्या, मोगलाई संपली, आम्ही परतलो. दुकान लुटलेलं, दारं निखळलेली, पण पेवाला हात लागला नव्हता. भावजींनी फरशी काढली, आंबूस वाफ जाऊ दिली, कंदील सोडून पाहिला. मग गडी फावडं घेऊन उतरायला लागला तेव्हा त्यांनी त्याला अडवलं. ‘फावडं नगं. आप्पा हातानं म्हनाले व्हते.’ बापाचा शेवटचा शब्द म्हणून, दुसरं काही नाही. गडी ओंजळीनं जवारी टोपल्यांत भरू लागला. थोड्या टोपल्या वर आल्या असतील नसतील, त्यानं खालून हाक दिली, ‘मालक, इथं गठुडं हाय!’

वर आला तो मामंजींचा जरीकाठी रुमाल. फक्त दसऱ्याला डोक्याला बांधायचे तो. भावजींनी गाठ सोडली. आत कडब्याचा मऊ पाला, त्यात जुनं धोतर आणि धोतरात अक्कांचं तोरण, घडीवर घडी घालून निजवलेलं. प्रत्येक घडीमध्ये कापसाचा थर. एकही कडी तुटलेली नव्हती. गडी म्हणाला, फावडं लावलं असतं तर भुगाच झाला असता. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन तोरणाला हात लावला नाही. त्या तो रुमाल बघत राहिल्या.

त्या गाडीपाशी मामंजींना लोकांदेखत पेवाचं नाव घेता येत नव्हतं. शेडमध्ये पडद्यापलीकडे कान होते. लेकाला खरं सांगावं तर सुनेच्या काचेसाठी म्हाताऱ्यानं आपला जरीचा रुमाल जमिनीत घातला हे कबूल करण्याची लाज. सांगायचं होतं ते एकटीला, आणि तिच्याशी बोलायची वाट रीतीनं बंद होती. अक्कांनाही एवढंच करायचं होतं की पडदा बाजूला सारून विचारायचं, ‘मामंजी, काय म्हणताय?’ हे मी आज लिहू शकते. तेव्हा ते आम्हा दोघींपैकी कुणालाही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी धाडस झालं नसतं. अजून जिवाला लागून राहिलं आहे ते हेच.

संध्याकाळी मी अक्कांना शोधत दुकानात गेले. गादी लुटारूंनी नेली होती, नुसती ओटी होती, जिथं मामंजी बसायचे. अक्का त्या दुकानात गिऱ्हाईक असताना कधी पाऊल टाकत नसत, मामंजी असताना तर नाहीच. आज त्या ओटीसमोर जमिनीवर बसल्या होत्या आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता. मी दाराशीच थांबले.

‘मामंजी,’ त्या मोठ्यानं म्हणाल्या, ‘तोरन लई नीट ठेवलंत. मला कळलंच न्हाय वो.’

एवढ्या वर्षांत त्या त्यांच्याशी पहिल्यांदाच थेट बोलत होत्या. बोलून झाल्यावर त्या मान थोडी कलती करून बसून राहिल्या, समोरून उत्तर यायला वेळ लागतोय अशा. बाहेर भावजी शिडी घेऊन आले होते, तोरण किती उंच बांधू म्हणून विचारत होते. मी त्यांना हातानंच थांबायची खूण केली, आणि अक्का काही वळून बघेनात.