सी विंगचा व्हॉल्व्ह कुणी उघडला?

"बबनला आजच काढा," चेअरमन म्हणाले. "सी विंगचा व्हॉल्व्ह त्यानेच उघडला!"

चिखलोलीच्या या सोसायटीत पाण्याचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून चालतात. सिस्टीम मीच बसवली. त्या सकाळी सी विंगला ठरल्याच्या दुप्पट पाणी गेलं आणि ए विंग कोरडी राहिली. पुरावा न बघता दोषी कोण? व्हॉल्व्हमन बबनकाका. अर्थातच! खाकी शर्ट दिसला की यांचा तपास संपतो.

"साहेब, मी हात पण नाय लावला," सी विंगमधल्या चेअरमनच्या घराच्या दारातच उभे असलेले काका म्हणाले. त्यांना बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

"थांबा. आधी रेकॉर्ड बघू," मी लॅपटॉप उघडला.

आमची सिस्टीम ब्लॉकचेनवर आहे. नाव भारी, गोष्ट सोपी. व्हॉल्व्हला आदेश गेला की चारही विंगच्या मशीनमध्ये एकदम नोंद होते. एका मशीनमध्ये कुणी खाडाखोड केली, तर बाकीची तीन बोंब मारतात. शिवाय प्रत्येक आदेशावर तो पाठवणाऱ्या फोनची डिजिटल सही असते. अनोळखी फोनला व्हॉल्व्ह भीकच घालत नाही.

सही निघाली चेअरमनच्या फोनची.

"हॅक झालाय माझा फोन!"

"नाही झाला."

"मग डिलीट कर ना भाऊ."

"चार ठिकाणी आहे."

"चारही ठिकाणी कर!"

"मशीन सेक्रेटरींच्या ताब्यात आहेत. बाकीच्या तीन विंगच्या सेक्रेटरींना विचारा. एक इथेच बसल्यात."

ए विंगच्या सेक्रेटरी मॅडमनी सकाळपासून भांडी घासली नव्हती. त्यांनी चेअरमनकडे नुसतं बघितलं.

तेवढ्यात आतून चेअरमनच्या मिसेस आल्या. "अहो, किती ओरडताय? मीच उघडला. चादरी भिजवल्या होत्या, नळ गेला. तुमचा फोन टेबलावरच पडला होता."

फोनला लॉक नाही, ॲपला पिन नाही. "घरात कसला पिन?" हा हट्ट चेअरमनचा. त्याला मान डोलावणारा मी. ती चूक माझीच.

"काकांची माफी मागा," मी म्हणालो. "आत्ता."

चेअरमननी मागितली, जमिनीकडे बघत.

"ऱ्हाऊ द्या साहेब," काका म्हणाले. "पण याची पण चार ठिकानी नोंद होते का?"

मॅडम इतक्या हसल्या की चेअरमनलाही हसावं लागलं.

बबनकाकांची नोकरी राहिली. संध्याकाळपर्यंत सगळ्या फोनवर मी पिन सक्तीचा केला. कारण ब्लॉकचेन फोन ओळखते, तो कुणाच्या हातात आहे ते नाही. आणि संशय आधी गरिबावरच घ्यायची जी सवय आहे, तिच्यावर ॲप अजून निघालेलं नाही.