बिशपचं गाव, राज्य मात्र दुसऱ्याचं

अनुवादक मंडळी, आज एक काम हातातून जाता जाता राहिलं.

जर्मनीतल्या एका जुन्या प्रांताचा इतिहास मी इंग्रजीत आणते आहे. सकाळी संपादकांची मेल आली. एकच गाव एका पानावर बिशपच्या हद्दीत आहे आणि दुसऱ्या पानावर बाहेर. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर पुस्तक दुसऱ्या कुणाला देऊ.

मूळ जर्मनमध्ये शब्द दोन आहेत, बिस्टुम आणि होखश्टिफ्ट. मी दोन्हींना 'डायसिस', म्हणजे बिशपचा धर्मप्रांत, असंच लिहिलं होतं.

दुपारी धाकटे दीर चहाला आले. ते रामकुंडावर तीर्थोपाध्याय आहेत. मी वैतागून विचारलं, "भाऊजी, गाव बिशपचं आणि राज्य दुसऱ्याचं, असं कसं असेल?"

ते हसले. "वहिनी, देवळा तालुक्यातले यजमान पिढ्यान्‌पिढ्या आमचे, त्यांचे विधी आम्हीच करतो. म्हणून तिथल्या शेतातला कांदा आमच्या घरी येतो का?"

मी चहा तसाच टाकून उठले. बिशप जिथला फक्त धर्मगुरू, ते बिस्टुम. जिथला तो राजाही आहे आणि शेतसारा वसूल करतो, ते होखश्टिफ्ट. पहिलं 'डायसिस'च राहिलं, दुसरं 'प्रिन्स-बिशपरिक' झालं. ते गाव दोन्ही पानांवर बरोबर बसलं!

दुरुस्ती पाठवली आणि आत्ताच संपादकांचं उत्तर आलं, पुढचं प्रकरण सुरू करा.

भाऊजींना फोन केला, तर म्हणतात, "बिशपसाहेबांना सांगा, दक्षिणा पाठवा."

तुमचा अडलेला शब्द कधी घरातल्याच कुणी असा सोडवलाय का?