खिळे ठोकलेली खिडकी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, पाण्याचं तापमान कोपरानं कळायचं. निदान त्यांचा तसा दावा होता. सकाळी उठले की चहाच्याही आधी माशांच्या खोलीत जायचे, बाही वर करायचे आणि सातही टाक्यांमध्ये एकेक करून कोपर बुडवायचे, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. माझ्या नवऱ्यानं काचेवर थर्मामीटर चिकटवून दिलं होतं. त्यावर बत्तीसचा आकडा असला तरी हे म्हणणार, "पाणी ठीक आहे. ते यंत्र उगीच भेव दाखवते." मी स्वयंपाकघरातून काही बोलले की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "पाह्यतो ना मी." लग्न होऊन खामगावात आल्यापासून मी हे 'पाह्यतो ना मी' किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. डोकं उठायचं माझं.

खोली म्हणजे तरी काय, पूर्वीची सरपण ठेवायची जागा. वर टिनाचे पत्रे. कापसाच्या जिनिंगमधून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर मामाजींनी तिथे स्वतःच्या हातानं लोखंडी मांडण्या केल्या आणि टाक्या बसवल्या. काम एकदम पक्कं, त्यात नाव ठेवायला जागा नाही. पण मे महिन्यात ते पत्रे तापले की आत पाय ठेवल्याबरोबर अंगाला घामाच्या धारा लागायच्या. माणसाची ही गत, तर माशांचं काय होत असेल?

त्यावर मामाजींचा पहिला इलाज होता बाटल्यांचा. पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवायच्या आणि दुपारी टाक्यांत सोडायच्या. आमचा फ्रीझर चार महिने माशांच्या नावावर. पाहुणे आले तरी सरबतात टाकायला घरात बर्फाचा खडा नाही. आणि बाटली वितळली की पाणी पुन्हा तापणार, म्हणजे मासे दिवसभर गार-गरम, गार-गरम. मी म्हटलं, मामाजी, अशानं माणूससुद्धा आजारी पडेल. ते म्हणाले, पाह्यतो.

दुसरा इलाज कूलरचा, आणि इथे तर मी हातच टेकले. गल्लीकडच्या खिडकीत कूलर बसवला आणि स्वयंपाकघराकडचं दार गच्च लावून घेतलं, थंडी बाहेर जाते म्हणून. आता माझा भाऊ साखरखेर्ड्याला कूलर दुरुस्त करतो. माहेरी मी हेच ऐकत मोठी झाले की कूलरची हवा एकीकडून आत आली की तिला दुसरीकडून बाहेर जायला वाट लागते. वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साठतो. तसंच झालं. काचा ओघळायला लागल्या, भिंतीला पोपडे आले, आणि पाणी होतं तिथेच. समोरच्या भिंतीत दुसरी खिडकी होती. ती उघडली असती तर काम झालं असतं. पण त्या खिडकीवर मामाजींनी फळ्या ठोकल्या होत्या.

त्यामागची गोष्ट ऐकाल तर तुम्हीही कपाळावर हात माराल. ती खिडकी शेजारच्या कंपाउंडरकाकांच्या ओट्यावर उघडायची. मामाजींची आणि त्यांची जुनी दोस्ती. रोजचा चहा खिडकीतूनच इकडून तिकडे जायचा. एका उन्हाळ्यात मामाजींचे तीन-चार मासे मेले, तेव्हा काका ओट्यावर बसलेल्या मंडळींसमोर हसत हसत बोलून गेले, "मासे पाळून राह्यला का उकडून राह्यला बे?" सगळे हसले. मामाजींनी खिडकी ओढून घेतली आणि त्याच दिवशी आतून फळ्या ठोकल्या. बोलणं बंद, चहा बंद. बुद्धविहारात समोरासमोर आले तरी नुसता जयभीम. खिडकी उघडणं म्हणजे काकांचं म्हणणं खरं ठरवणं, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं.

टाक्यांमध्ये एक गोल्डफिश होती, माझ्या सासूबाईंनी आठवडी बाजारातून पिशवीत आणलेली. सासूबाई गेल्या, ती राहिली. मामाजी तिला 'तिची मासोळी' म्हणायचे आणि तिला चारा टाकताना दुसऱ्या कोणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका दुपारी ती वर येऊन तोंड उघडझाप करायला लागली. कूलर पूर्ण वेगानं चालू, खोलीत श्वास घेववत नव्हता. मी पक्कड आणली, स्टुलावर चढले आणि पहिल्या खिळ्याला हात घातला. मामाजी मागून म्हणाले, "उतर, सूनबाई."

"मामाजी, ती मरून राह्यली जी."

"या घरात माह्या शब्दाले काही किंमत असंल तं उतर."

मी उतरले. पक्कड स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपटली आणि रागानं कणीक तिंबत बसले. चार वाजता ती उलटी तरंगत होती.

मामाजींनी तिला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. हात धुतले, पक्कड घेतली आणि एकेक खिळा काढला. फळ्या उतरवून खिडकी उघडली तेव्हा कंपाउंडरकाका ओट्यावरच बसलेले होते. त्यांनी मामाजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "चहा पाठवू का?" मामाजींनी मान डोलावली. अर्ध्या तासात काचा कोरड्या झाल्या. माझ्या घामेजल्या मानेला वारा लागला. मला रडू आलं ते दुःखानं नाही, संतापानं. इतकं सोपं होतं ते.

संध्याकाळी मी त्यांना जेवायला बोलवायला गेले. ते मोकळ्या टाकीसमोर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, तू माह्यं ऐकलं काऊन?"

मी म्हटलं, जेवायला चला, मामाजी. मोठ्या माणसाला काय सांगणार? मामाजी गेले त्याला आता दोन वर्षं होतील. माशांचं सगळं मीच बघते, आणि बघता बघता अजून त्यांच्याशी भांडते. तुम्ही मोठे म्हणून ऐकलं, मामाजी. नव्हतं ऐकायला पाहिजे.