संत्र्याच्या काट्याचा वण

रामाकोन्याच्या आमच्या बगीच्यात संत्री तोडताना झाडाचा काटा माझ्या डाव्या खांद्यावर ओरखडला. आठ दिवसांत खपली पडली, मी विसरलेही. तेव्हा ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती आणि मी सौसरच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. दोन महिन्यांनी त्या जागी गुलाबी, टणक वण उठला. ओरखडा होता बोटाच्या पेराएवढा, वण त्याच्या दुप्पट झाला. खाज तर अशी, की फळ्यावर लिहिताना खडू टाकून द्यावा वाटे.

मग जो भेटेल तो औषध सांगू लागला. स्टाफरूममध्ये एका बाईंनी हळूच विचारलं, "लागट तर नाही ना वो?" आणि उत्तराआधीच आपला डबा बाजूला सरकवला. आई रोज कोमट तेलानं तो वण रगडायची आणि वर मलाच बोलायची, "तू खाजवते म्हणून वाढून राहिलं ते."

पांढुर्ण्याच्या एका डॉक्टरांनी तो कापून काढला. महिनाभर मी खुशीत होते. मग तो परत आला, आधीपेक्षा जाड, टाक्यांच्या खुणांसकट. डॉक्टर म्हणाले, "परत कापू." मी उठले, परत तिथे गेले नाही.

आईला घेऊन छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं नागपूर गाठलं. तिथल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी वण दाबून पाहिला.

"जखम झाली की शरीर तिथे सूज आणतं," त्या म्हणाल्या. "त्या सुजेतून पेशींना निरोप जातात, नवी कातडी तयार करा म्हणून. जखम भरली की ते थांबायला हवेत. तुमच्यात थांबत नाहीत. कापलं की नवी जखम, परत तेच."

"आणि तेलानं रगडणं?"

"आधी ते बंद करा."

मी आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"घरात आणखी कुणाला आहे असं?"

"नाही," मी म्हणाले.

आईनं कोपरापर्यंतची बाही वर सरकवली. देवीची लस टोचलेल्या जागी सुपारीएवढी टणक गाठ होती.

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलं?"

इतका संताप आला, पण डॉक्टरीणबाईंसमोर काय बोलणार?

दर महिन्याला थेट वणात सूज दाबणारं इंजेक्शन घ्यायचं ठरलं. सुई आत जाताना डोळ्यांत पाणी यायचं. पण दुसऱ्या वेळेनंतर खाज थांबली, आणि सहाव्यानंतर वण कातडीला टेकला. फिकट डाग तेवढा राहिला. त्या शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "तुमचं जुनं आहे. वेळ लागेल, पण कमी होईल. सुरू करायचं?"

"नाही बाई," आई म्हणाली. "आता माझं कोण पाहून राहिलं?"