पेशकारांच्या पडद्याआडची म्हैस

दुबलगुंडीचा पिराप्पा धनगर कोंडवाड्याचा रखवालदार कसा झाला, ते त्याच्या बायकोला, सुभद्राबाईला, शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

साल एक्कावन्न. तालुक्याच्या कचेरीला मोकाट जनावरं कोंडायला एक माणूस नेमायचा होता. हैदराबादेहून हुकूम आला होता की नेमणुकीत नातंगोतं, जातपात बघू नये. नेमणुकीचं काम कचेरीतल्या पेशकार बंडोपंतांकडं होतं, आणि त्यांना हुकूम मनापासून पटला. माणूस सरळ होता. तोंड बघितलं की मन वाकतं, म्हणून त्यांनी घरून बायकोचं, सुमतीबाईंचं, हिरवं लुगडं आणून कचेरीत दोरीवर टांगलं. उमेदवारानं पलीकडं उभं राहायचं आणि नाव सांगायचं नाही.

प्रश्न सगळ्यांना एकच. ‘‘म्हैस दुसऱ्याच्या रानात शिरली, तर काय कराल?’’

पहिल्यानं सांगितलं, ‘‘काठी घिऊन हाकलतो, मालक.’’ बंडोपंतांनी लिहिलं, ‘‘हिंसक.’’

दुसरा त्यांचाच भाचा, व्यंकटेश. त्याला त्या दिवशी सणसणीत पडसं झालं होतं. ‘‘ब्हैस बला ओळखत दाही,’’ तो म्हणाला. बंडोपंतांनी कपाळाला आठी घातली आणि लिहिलं, ‘‘उच्चार अशुद्ध. घराणं बेताचं असावं.’’

तिसरा पिराप्पा. दहा वर्षं तो बंडोपंतांच्या ओसरीवर शेळीचं दूध घालायचा आणि आतलं बोलणं ऐकत उभा राहायचा. सरकारी जागी सरकारी बोलावं लागत असणार, असं त्याला वाटलं. आणि तसलं बोलणं त्यानं एकाच माणसाचं ऐकलं होतं.

‘‘प्रथमतः,’’ पिराप्पा खाकरून म्हणाला, ‘‘मी म्हशीचा हेतू जाणून घेईन. तदनंतर पंचनामा. घाई करणे हे आपल्या संस्कारात बसत नाही.’’

बंडोपंत खुर्चीतून उठलेच. ‘‘वा! याला म्हणतात कुलीन माणूस!’’ सही झाली. हाताखालच्या नाझर रेवणसिद्धप्पांनी कचेरीचा शिक्का मारला. मग लुगडं बाजूला केलं, तर समोर घोंगडीवाला पिराप्पा.

बंडोपंतांनी त्याच्या मागं वाकून बघितलं. ‘‘बोलत कोण होतं?’’

‘‘मीच की, पंत.’’

‘‘तू? तू कामून असा बोलायलास?’’ घाबरून बंडोपंतच दुधवाल्याच्या बोलीत शिरले.

दोष पडद्याचा, तो पातळ पडला, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दोन लुगडी टांगून परीक्षा पुन्हा झाली. पुन्हा पिराप्पाच निवडला गेला, आणि या वेळी शेऱ्यात ‘‘बहुधा काशीत शिकलेला’’ असंही पडलं. तेव्हा बंडोपंत म्हणाले, ‘‘एवढा विद्वान माणूस कोंडवाड्यात वाया जाईल. मला न्याय केला पाहिजे. नामंजूर!’’

रेवणसिद्धप्पांनी शिक्का खाली ठेवला. ‘‘पंत, खडबडीत बोलणारा चालत न्हाई, गुळगुळीत बोलणाराही चालत न्हाई. मग म्हशीलाच नेमा.’’

कचेरी हसली. बंडोपंत बराच वेळ स्वतःचे शेरे वाचत बसले. काशीच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘पिराप्पा, तुला जनावरातलं काही कळतं का रे?’’

हे त्याला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. पिराप्पा आपल्या बोलीत तासभर सांगत राहिला. नेमणूक झाली.

पाच वर्षं त्यानं काम चोख केलं. छप्पन साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. नवे कानडी साहेब आले. त्यांना पिराप्पाच्या जोडीला आणखी एक रखवालदार हवा होता. निवड त्यांनी पिराप्पावर सोपवली. संतपूरचा अमृतप्पा आला. पायात बूट, केसाला वासाचं तेल. पिराप्पानं त्याच्या बुटांकडं बघितलं आणि त्याला दारातूनच वाटेला लावलं.

‘‘कामून?’’ साहेबांनी मोडक्या मराठीत विचारलं. ‘‘काम येत न्हाई त्याला?’’

तेवढं विचारायचं पिराप्पाकडून राहिलंच होतं.

त्यानं लगेच मागं माणूस धाडला, पण संतपूरची मोटार अमृतप्पाला घेऊन निघून गेली होती. पुढच्या रविवारी पिराप्पा स्वतः संतपूरला गेला. अमृतप्पा गोठ्यात होता, अनवाणी. अडलेल्या म्हशीचं रेडकू त्यानं नुकतंच सोडवलं होतं आणि कोपरापर्यंत हात धूत होता.

‘‘नोकरीला चल,’’ पिराप्पा म्हणाला.

‘‘आता न्हाई येत, अण्णा,’’ अमृतप्पा म्हणाला. ‘‘तिथं तुम्ही माणसाचे पाय बघता.’’ मग त्यानं पिराप्पाला बाजेवर बसवलं आणि चहा सांगितला.