कात्रीनं कापलेली गोळी

एसटीडी बूथवाला सायकल बांधावर आडवी टाकून पळत आला, तेव्हा माझ्या पाठीवर औषधाचा पंप होता. "आबा, सांगलीच्या दवाखान्यातनं फोन व्हता..." एवढं बोलून त्यानं सायकलीकडं तोंड फिरवलं. मला कळलं. तरी मी हातातली द्राक्षाची ओळ पुरी केली आणि मगच पंप उतरवला. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. म्हणू देत. ओळ अर्धी सोडली की रोग तिथूनच पसरतो, हे मला ठाऊक आहे. आणि ते ठाऊक असून माझ्या घरात काय झालं, तेच सांगायला बसलोय.

सदाशिव माझा थोरला. चौतीस वर्षांचा होता. भावकीनं पेपरात छापून आणलं, 'अल्पशा आजाराने निधन'. मी चौथी शिकलेला माणूस, पण अल्पसा म्हणजे काय एवढं मला कळतं. तीन वर्षं पोरगं झिजलं, ते अल्पसं? एड्स झाला होता त्याला. मी बाप आहे त्याचा आणि मीच लिहितोय. तिरडीला चौथा खांदा मिळेना, तेव्हा तो मी दिला. ज्यांच्या बागा सदानं हौसेनं छाटून दिल्या होत्या ते लांब उभे राहून तोंडाला उपरणं लावत होते... रोग आला कुठून, हे त्यांनी मला दहा वेळा विचारलं. मी सदाला एकदाही विचारलं नाही. शिरवळला कारखान्यात होता, सहा वर्षं खोली करून राहिला. तिथनं आला असेल, नाहीतर आणखी कुठनं. आला, एवढं खरं.

हाताला फार हलका होता तो. छाटणीची कात्री चालवायला लागला की वेलीच्या काडीला दुखत नसेल असं वाटायचं. पण डोकं माझंच, हट्टी. सोळा-सतराचा असताना एकदा भुरी रोगावर मारायची पूड संपत आली आणि दोन ओळी राहिल्या. मी तासगावला गेलेलो. यानं उरलेल्या पुडीत दुप्पट पाणी घालून दोन्ही ओळी मारून टाकल्या. भुरी थोडे दिवस दबली, मग परत आली, आणि त्या दोन ओळींत अशी माजली की पुढं पुरती पूड मारली तरी हलेना. मी बाभळीचा फोक घेतला आणि त्याला सडकला. "अर्धं औषध म्हंजी रोगाला खुराक! एक ओळ सोडायची हुतीस, दुसरी तरी वाचली असती!" रडत रडत म्हणाला, "कुठली सोडू आबा? दोन्ही आपल्याच की."

शिरवळहून तो परत आला तो हाडं घेऊन. सांगलीला रक्त तपासलं. त्याचं आणि शालनचंही. शालन म्हणजे माझी सून, आटपाडीकडची. दोघांच्याही रक्तात निघालं. डॉक्टर म्हणाले, दोघांना गोळ्या लागतील, रोज दोन वेळा, एकही चुकवायची नाही, जन्मभर. बागेचं सगळं पीक घातलं तरी एकाचंच निघत होतं. मी सोप्यात बसून ठरवलं, "आदी सदाचं. शालन अजून धडधाकट हाय, तिचं फुडं बघू." ती चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं कप ठेवला आणि आत गेली. सदा जमिनीकडं बघत राहिला. मला वाटलं, पोरानं ऐकलं.

गोळ्यांनी वजन भरलं. चेहरा वर आला. "आबा, यंदा बाग मीच छाटणार," म्हणाला, आणि छाटली. सकाळ-संध्याकाळ शालन भाकरी घेऊन जायची, तेव्हा बागेतल्या खोपटातच तो गोळी घ्यायचा. मला बरंच वाटायचं, अन्नाबरोबर पोटात जाते म्हणून. दीड वर्ष असं गेलं आणि ताप पलटून आला. तोंडात फोड, जुलाब लागले ते थांबेनात. परत सांगली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या का?"

"चुकतील कशा? पाकीट मी सोता आणतो, रिकामं झाल्यालं सोता बघतो!"

"मग कमी घेतल्या असतील. औषध पुरेसं गेलं नाही की हा विषाणू मरत नाही, त्याला औषधाची सवय होते. मग पूर्ण गोळी दिली तरी ती चालत नाही."

"सायेब, मी द्राक्षं करणारा माणूस हाय. अर्ध्या औषधानं रोग माजतो, हे मला नका शिकवू."

बोललो आणि शालनकडं वळलो... ती माझ्याकडं बघत नव्हती.

मग तीच बोलली. "मी नको म्हनत हुते, आबा. पर माझ्या हातावर अर्धी ठेवल्याबिगर ते आपली तोंडात घालत नव्हते."

सदा खाटेवरनं म्हणाला, "कात्रीनं कापायचो. बरुबर मधोमध."

"आन् फोक इसरलास व्हय रं?"

"न्हाई इसरलो." दम खाऊन म्हणाला, "पर कुठली ओळ सोडू, सांगा की."

मी उठलो, बागेत काम आहे म्हणालो आणि एसटी धरून घरी आलो. पोराच्या उशाला बसायचं सोडून चार दिवस औषध मारत फिरलो. पाचव्या दिवशी बूथवाला आला.

क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मग ह्या का नाही? दोघांचं जमणार नसेल तर घरात काय होतं, हे आम्हाला विचारायला डॉक्टरला काय झालं होतं? मला राग येतो, आणि येऊ दे. पण सोप्यात बसून निकाल मी दिला. तेव्हा मला कुणी अडवलं नाही आणि मीही डॉक्टरला जाऊन खरं सांगितलं नाही, की साहेब, एकालाच पुरतंय. माझा ताठा आडवा आला. तुमच्या घरात असं असेल तर तोंड उघडा. लाज आम्ही बाळगली, तेवढी पुरे.

तेराव्याला भावकी म्हणाली, शालनला आटपाडीला धाडा. मी म्हणालो, ज्याला तिचं वावडं असेल त्यानं माझ्या दारात यायचं नाही. तिला आता जुनी गोळी चालत नाही, डॉक्टरांनी दुसऱ्या औषधांची जोड दिलीय. ती किती दिवस चालेल, हे तेही सांगत नाहीत. यंदा मी ओढ्याकडच्या सगळ्या ओळी सोडल्या. त्यांना औषध घेतलं नाही, शालनचं घेतलं.

या आठवड्यात छाटणीला माणसं आली. कात्र्या वाटल्या. सदाची तेवढी खोपटात खिळ्याला राहिली. पात्याच्या बेचक्यात गोळीची पांढरी पूड अजून धरून आहे. शालन म्हणाली, "आबा, ती पन द्या की, घासून ठेवते."

"हात लावायचा न्हाई तिला."

मग पाकीट काढलं, गोळी तिच्या हातावर ठेवली, अख्खी, आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राहिलो.